इराणी समाजातील स्त्रीचे विवाह व वारसाहक्क

(पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटले असेल की इराण कुठे आणि आपण कुठे! तिथल्या हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या बायकांच्या हक्कांशी आपल्या मुलींच्या शिक्षणाचा काय संबंध? शंका रास्त आहे. पण जरा आपल्याच बोलण्याकडे लक्ष द्या. जमीन, दस्तऐवज, फिर्याद, दरखास्त, बक्षीसपत्र, वारसदार, हक्कदार हे शब्द आपण तलाठ्याच्या चावडीत आणि कोर्टात रोज वापरतो. ते फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. मालमत्तेची आपली भाषाच अर्धी इराणची आहे. तेव्हा त्या भाषेच्या मूळ घरी मुलीला, बायकोला आणि विधवेला काय मिळत होते हे पाहणे आपल्याला परके वाटू नये.

सुरुवात एका जुन्या हकिकतीने करतो. इस्लामपूर्व इराणात सासानी घराण्याचे राज्य होते. त्या काळच्या कायद्याच्या एका ग्रंथात ही हकिकत आली आहे. एक न्यायाधीश न्यायालयात निघाला होता. वाटेत पाच स्त्रियांनी त्याला थांबवले. त्यांतील एकीने त्याला कर्ज, तारण आणि जामीनकी यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारले. न्यायाधीश उत्तरे देत गेला. शेवटच्या प्रश्नाला मात्र तो अडखळला. त्याला उत्तर सुचेना. तेव्हा दुसरी एक बाई त्याला म्हणाली की महाराज, डोक्याला त्रास देऊ नका, ठाऊक नाही असे सरळ सांगून टाका. उत्तर अमुक पंडिताच्या टीकेत सापडेल, ते आम्ही पाहून घेऊ.

पालकहो, ही हकिकत मी गंमत म्हणून सांगितलेली नाही. त्या बायकांना कायदा ठाऊक होता, आणि तो कोणत्या पुस्तकात पाहायचा हेही ठाऊक होते. हक्क कायद्याने मिळतो हे खरे. पण ज्याला तो वाचता येतो आणि मागता येतो त्याच्याच हातात तो पडतो. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. इराणच्या इतिहासातून ते कसे दिसते ते आता पाहू.

ग्रंथाची हकिकत

ज्या ग्रंथाचा मी उल्लेख केला त्याचे नाव 'मादयान-ई-हजार दादिस्तान', म्हणजे हजार निवाड्यांचा ग्रंथ. फर्रुखमर्द नावाच्या पंडिताने तो सातव्या शतकाच्या सुरुवातीला, खुस्रो परवेझ या बादशहाच्या कारकीर्दीत पहलवी भाषेत रचला. काळाच्या ओघात त्याचे एकच हस्तलिखित उरले, तेही अपुरे आणि दोन ठिकाणी विभागलेले. एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही भाग पारशी मंडळींच्या हाती आले. त्यांतील मोठा, ५५ पानांचा भाग जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९०१ साली आपल्या पुण्यात छापून प्रसिद्ध केला. दुसरा भाग १९१२ साली मुंबईत निघाला आणि सोहराब बुलसारा यांचे इंग्रजी भाषांतर १९३७ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले. त्यानंतर रशिया व जर्मनीतील विद्वानांनी त्यावर पुष्कळ काम केले. सासानी स्त्रीच्या हक्कांबद्दल जगाला आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा या एका पोथीचा आहे, आणि ती जगापुढे आली ती आपल्या पुण्या-मुंबईतून.

त्याच्याही आधीचा काळ थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास दारयवहू म्हणजे दारा पहिला याच्या राज्यात पर्सेपोलिस येथे सरकारी शिध्याचा हिशेब मातीच्या विटांवर लिहून ठेवीत. १९३३-३४ साली या विटा हजारोंनी सापडल्या. दाराची एक राणी इर्ताश्दुना हिला शंभर मेंढ्या द्याव्यात असा हुकूम त्यांत आहे. तिची आणि इर्दबामा नावाच्या दुसऱ्या मोठ्या स्त्रीची स्वतःची शिक्कामोर्तब होती, जमिनी होत्या, हाताखाली मजूर होते. मजूर बायकांच्या टोळीची मुकादमीण असे, तिला इतरांपेक्षा जास्त शिधा मिळे. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मात्र मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. स्त्रीच्या हाती मालमत्ता असे आणि तरी मुलीचे माप अर्धे असे, या दोन्ही गोष्टी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या विटांवर शेजारी-शेजारी लिहिलेल्या आहेत.

सासानी काळातील पत्नी, मुलगी आणि विधवा

सासानी कायद्यात विवाह एका प्रकारचा नव्हता. सर्वांत मानाचा विवाह 'पादिख्शाय' हा. पादिख्शाय म्हणजे अधिकार असलेला. याच शब्दापासून पुढे 'पादशहा', आपला 'बादशहा', हा शब्द आला. मुलीचा पालक, ज्याला 'सालार' म्हणत, तो तिला या रीतीने देई. ती नवऱ्याच्या घरची 'कदगबानूग', म्हणजे घरधनीण होई. आजच्या फारसीतील 'कदबानू' तीच. तिची मुले नवऱ्याची खरी वारस. नवरा वारला की तिला मुलाच्या बरोबरीने हिस्सा मिळे. न लग्न झालेल्या मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळे. लग्न झालेल्या मुलीला तिच्या लग्नात जे दिले तेवढेच. नंतर बापाच्या मालमत्तेत तिचा वाटा उरत नसे.

पालकाच्या संमतीवाचून एखाद्या मुलीने स्वतःच लग्न केले तर कायदा त्या लग्नाची दखल घेई. त्यालाही वेगळे नाव होते. पण अशा बाईला पादिख्शाय पत्नीचा दर्जा नसे.

आतापर्यंतचे ऐकून तुम्हाला हे सारे बरे वाटले असेल. आता दुसरी बाजू ऐका. त्या समाजात पुरुषाने मुलगा मागे ठेवल्याशिवाय मरणे ही मोठी आपत्ती समजली जाई. त्याचे नाव, त्याच्यासाठी करायचे विधी आणि त्याची मालमत्ता चालवायला वारस हवा. असा वारस निर्माण करून देण्याची जबाबदारी त्याच्या घरातील बायकांवर पडे. विधवेने दुसरे लग्न केले तर ते 'चकर' विवाह ठरे आणि त्यातून झालेली मुले मेलेल्या पहिल्या नवऱ्याच्या नावाने लागत. ज्या बाईने ती पोटात वाढवली आणि ज्या पुरुषाच्या घरी ती वाढली, त्यांच्यापेक्षा मेलेल्याचा हक्क मोठा! मुलगा नसलेल्या बापाची एकुलती मुलगी असेल तर तिची मुले बापाच्या वंशात मोजली जात. बायको नाही, मुलगी नाही, तर बहीण. तीही नसेल तर कोणालातरी 'स्तूर', म्हणजे वारस निर्माण करून देण्यासाठी नेमलेली व्यक्ती, म्हणून ठरवावे लागे.

म्हणजे काय झाले? स्त्रीला हिस्सा होता, पण तो बहुतेक घराण्यासाठी होता. मालमत्ता पलीकडच्या पुरुषाकडे जावी म्हणून ती मधला पूल होती. पुलावरून सगळे जातात, पुलाला कोणी विचारीत नाही. ती जन्मभर कोणत्या ना कोणत्या सालाराच्या हाताखाली असे: आधी बाप, मग नवरा, नवरा नसला तर मोठा मुलगा किंवा दुसरा कोणी आप्त. ६३० साली बोरान ही खुस्रो परवेझची मुलगी इराणच्या गादीवर बसली. तिच्या नावाची नाणी निघाली. पण गादीवर एक राणी बसल्याने घरोघरच्या मुलींचा सालार बदलत नाही, हेही खरे.

कुराण शरीफचा हिस्सा

याच सुमारास अरबस्तानात काय घडत होते ते पाहा. उहुदच्या लढाईत, ६२५ साली, साद बिन रबीअ हे सहाबी शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. मुलींच्या चुलत्याने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जो तलवार धरतो तोच वारस. ती विधवा दोन्ही मुलींना घेऊन हजरत पैगंबरांकडे (स.) आली आणि तिने दाद मागितली. वारसाहक्काची आयत उतरल्यावर पैगंबरांनी (स.) चुलत्याला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे आणि जे उरेल ते तुझे. हदीसच्या ग्रंथांत ही हकिकत आहे. लक्षात घ्या, दाद मागणारी एक विधवा होती. तिने मागितले म्हणून कित्येक पिढ्यांच्या मुलींना मिळाले.

सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीने आईबाप व आप्त यांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवला, मग मालमत्ता थोडी असो वा फार. अकराव्या व बाराव्या आयतीत मुलगी, आई, पत्नी, बहीण यांचे हिस्से आले. चौथ्या आयतीने मेहेर स्त्रीला द्यायला सांगितले. आणि एकोणिसाव्या आयतीने विधवांना त्यांच्या इच्छेविरुद्ध वारसात घेण्याची मनाई केली. ६५१ साली शेवटचा सासानी बादशहा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला आणि हळूहळू इराण या नव्या कायद्याखाली आला.

आता दोन्ही कायदे एकाच घरावर लावून पाहू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, एक माणूस वारला. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचे लग्न व्हायचे आहे. माणसाचे आईबाप हयात नाहीत. मालमत्ता १२० दिरहम.

सासानी कायद्याने पत्नी व मुलगा यांना सारखे आणि मुलीला त्याच्या निम्मे. म्हणजे पत्नीला ४८, मुलाला ४८, मुलीला २४.

इस्लामी कायद्याने पत्नीला अष्टमांश म्हणजे १५. उरले १०५. त्यातून मुलाला ७० आणि मुलीला ३५.

पत्नीचा आकडा इथे कमी दिसतो, आणि आपण तो लपवू नये. पण आता हिशेब थोडा बदलू. मुलीचे लग्न झालेले आहे असे धरा. सासानी कायद्याने ती बाहेर पडली. पत्नीला ६०, मुलाला ६०. इस्लामी कायद्याने तिचे ३५ जसेच्या तसे राहिले. लग्नाने मुलगी बापाच्या घरातून वजा होत नाही. शिवाय पत्नीला मेहेर वेगळा आहे. तो न दिलेला असेल तर ते नवऱ्याच्या मालमत्तेवरचे कर्ज आहे आणि वाटण्या होण्याआधी फेडायचे आहे. तिच्या हिश्शावर तिच्या नवऱ्याचा, भावाचा वा मुलाचा ताबा नाही. आणि मृत्युपत्र एक तृतीयांशापुरतेच चालते; त्यामुळे सगळी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे लिहून मुलीला उघडी पाडता येत नाही. म्हणजे मोठा फरक आकड्यात नसून ती मालमत्ता कोणाची या प्रश्नात आहे. पूल असलेली स्त्री आता स्वतः मालकीण झाली.

कायदा आला, मग काय झाले?

कायदा बदलला म्हणून समाज एका दिवसात बदलतो असे नाही. इराणच्या पुढच्या हजार-बाराशे वर्षांत दोन गोष्टी बरोबरीने चाललेल्या दिसतात.

पहिली अभिमानाची. इराणातील आणि आसपासच्या शहरांतील मशिदी, मदरसे, सराया यांपैकी अनेक वास्तू स्त्रियांच्या मालमत्तेतून उभ्या राहिल्या. तैमूरची सून गौहरशाद बेगम हिने मशहद येथे इमाम रझांच्या दर्ग्याशेजारी १४१८ साली पुरी केलेली मशीद आजही तिच्याच नावाने ओळखली जाते. ती तिच्या खास मालमत्तेतून बांधली असे मशिदीवरील लेखातच लिहिले आहे. सतराव्या शतकात शाह अब्बास दुसरा याची आजी दिलाराम खानम हिने इस्फहानला दोन मदरसे बांधले. लोक त्यांना आजही 'जद्दा'चे, म्हणजे आजीचे, मदरसे म्हणतात. एक थोरला आणि एक धाकटा. अलीकडचे उदाहरण नजमुस्सलतने या बाईंचे. या मोहम्मद मोसद्दिक यांच्या मातोश्री. त्यांनी १९२०च्या दशकात तेहरानमध्ये रुग्णालय उभारून वक्फ केले. या राजघराण्यातील बायका होत्या हे खरे. पण वक्फ करायला आधी मालमत्ता स्वतःची असावी लागते, आणि ती त्यांची होती हे कायद्याने मान्य होते.

दुसरी गोष्ट खेदाची. जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून पळवाटा निघाल्या. हयातीतच मुलांच्या नावे लिहून देणे, मुलगी चुलत घरातच देणे, बहिणीने मागितलेच तर तिची समजूत काढणे. फार्स प्रांतातील बसेरी या मेंढपाळ टोळ्यांचा अभ्यास नॉर्वेचे विद्वान फ्रेडरिक बार्थ यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९६१ साली निघाला. त्यांनी नोंदवले आहे की त्या लोकांत मुलाला लग्नाच्या वेळीच कळपातला त्याचा वाटा मिळतो आणि मुलींना सहसा काही मिळत नाही. हे लोक मुसलमान होते आणि कायदा त्यांना लागू होता. तेराशे वर्षांनंतरही मुलीचा हिस्सा त्यांच्या कळपात पोहोचला नव्हता!

१५०१ साली सफवी घराण्याची सत्ता आली आणि इराण शिया पंथाचा झाला. त्याबरोबर जाफरी फिक्हचे नियम आले. त्याने मुलीचा एक मोठा फायदा झाला. समजा, एखाद्याच्या मागे एकच मुलगी आणि एक भाऊ आहे. हनफी व शाफई मताप्रमाणे मुलीला निम्मे आणि उरलेले निम्मे भावाला. जाफरी मताप्रमाणे मुलगी असताना भावाला काही नाही, सारे मुलीचे. पण त्याच फिक्हमध्ये विधवेचे एक मोठे नुकसान होते. तिला नवऱ्याच्या जमिनीत हिस्सा नव्हता. घराच्या बांधकामाची आणि झाडांची किंमत धरून त्यात हिस्सा मिळे, पण खालची जमीन नाही. इराणच्या नागरी कायद्यातही १९२८ पासून हाच नियम होता. शहरातल्या बाईला एक वेळ घराच्या किमतीत काही मिळे. खेड्यातल्या बाईची सारी मालमत्ता म्हणजे शेत. तिच्या हातात काय उरणार? यावर इराणात वर्षानुवर्षे चर्चा झाली. अखेर २००९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि विधवेला जमिनीच्या किमतीतही हिस्सा मिळू लागला. ही दुरुस्ती करताना फिक्हमधील जुनी मतेच पुन्हा तपासली गेली. शरीअतच्या चौकटीत राहून स्त्रीचा हिस्सा वाढवता येतो, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे.

निकाहनामा

वारसाबद्दल एवढे पुरे. आता विवाहाच्या कागदाबद्दल. इराणी लोकांना करार लिहून ठेवण्याची सवय जुनी. पहलवी भाषेतील विवाहकराराचा एक नमुना आजही उपलब्ध आहे. त्यावर १२७८ सालाशी जुळणारी तारीख आहे. म्हणजे इस्लाम आल्यावर सहाशे वर्षांनीही तेथील जरथुष्ट्री समाज आपले करार लिहीत होता. मुसलमान घरांत निकाहनामा सुंदर वेलबुट्टीच्या कागदावर लिहीत. काजार काळातले असे अनेक निकाहनामे जपून ठेवलेले आहेत. त्यांत मेहेर म्हणून कुराण शरीफची प्रत, आरसा आणि शमादान, दागिने, रोख रक्कम आणि कधी-कधी घरातला किंवा जमिनीतला वाटा लिहिलेला असे. इराणात स्थावर मालमत्ता सहा 'दांग' धरून मोजतात. आपण सोळा आणे म्हणतो तसे. तेव्हा अमुक दांग बायकोचे असे स्पष्ट लिहिता येई.

याच्याशी दुसऱ्या एका चालीची गल्लत करू नये. 'शीरबहा', म्हणजे दुधाची किंमत, नावाची रक्कम वरपक्ष वधूच्या आईबापांना देई. ती वधूची नसे. मेहेर वधूचा, शीरबहा घरच्यांचा. जे घरच्यांचे ते लगेच हातात पडे, आणि जे वधूचे ते पुष्कळदा कागदावरच राही. आपल्याकडे तर हुंड्याने उलटीच गंगा वाहते. मेहेर नावापुरता लिहितात आणि मुलीच्या बापाकडून मोजून घेतात.

इराणात एक मुदतीचा विवाहही आहे. त्यात मेहेर ठरतो, पण करारात तसे लिहिल्याशिवाय पती-पत्नींना एकमेकांचा वारसा मिळत नाही. मुलांना मात्र मिळतो. गरीब घरच्या न शिकलेल्या मुलीला हा फरक नंतर कळतो. पुन्हा तोच मुद्दा: कागदावर काय लिहिले आहे ते तिला वाचता येते का?

१९८०च्या दशकापासून इराणातील छापील निकाहनाम्यात काही अटी आधीच छापलेल्या असतात. नवऱ्याने त्या मान्य करून प्रत्येक अटीखाली सही केली तर ठरावीक परिस्थितीत पत्नीला तलाक मागता येतो. आणि तिचा दोष नसताना त्याने तलाक दिला तर संसारात त्याने मिळवलेल्या मालमत्तेतला निम्म्यापर्यंत वाटा तिला मिळू शकतो. १९९७ साली महागाईप्रमाणे रोख मेहेराची रक्कम वाढवून देण्याचा नियम झाला. तीस वर्षांपूर्वीच्या हजार रुपयांना आज काय किंमत, हे आपल्याकडच्या कुठल्याही विधवेला विचारा! निकाहात अटी घालण्याची सोय हिंदुस्थानातील मुसलमानांनाही आहे. नवऱ्याने तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवण्याची तफवीझची तरतूद आपली न्यायालये मान्य करतात. पण निकाहाच्या दिवशी ती कोण लिहून घेतो? मंडपाचे भाडे आणि बिर्याणीचे डेग ठरवायला आपल्याला वेळ असतो, कागद वाचायला नसतो.

शाळेचा दरवाजा

इराणी स्त्रियांना हे आपण सांगायची गरज नाही. त्यांनी ते आधीच ओळखले. १८९५ साली बीबी खानम अस्तराबादी या बाईंनी पुरुषांच्या दोषांवर एक तिखट पुस्तक लिहिले. बायकांना शिस्त कशी लावावी हे शिकवणाऱ्या एका पुस्तकाला ते उत्तर होते. पण त्या लिहून थांबल्या नाहीत. १९०७ साली त्यांनी तेहरानमध्ये मुलींची शाळा काढली. काही उलेमांनी विरोध केला, शाळा बंद करावी लागली. पुढे परवानगी मिळाली ती चार ते सहा वर्षांच्या मुलींपुरती. तेवढ्यावर त्यांनी शाळा पुन्हा चालू केली. त्याच सुमारास तूबा आजमूदे यांनीही तेहरानमध्ये मुलींसाठी शाळा उघडली. मुली शिकल्या, त्यांतून शिक्षिका, डॉक्टर, वकील झाल्या. विधवेच्या जमिनीचा प्रश्न त्यांच्याच नातींनी कायदेमंडळापर्यंत नेऊन लढवला.

आता थोडे आपल्या घरचे. १८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि कच्छी मेमन समाजांतील मुलींचे दावे आले. कुराण शरीफप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत आमचा वाटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. या समाजांत मुलीला वाटा न देण्याचा रिवाज चालत आला आहे, आणि रिवाज मोठा, असे ठरले. तो रिवाज कायद्याने मागे पडायला १९३७ चा शरीअत कायदा यावा लागला. म्हणजे मुली कोर्टात गेल्या त्यानंतर नव्वद वर्षे!

आणि आपले पारशी शेजारी, ज्यांच्या पूर्वजांचा तो हजार निवाड्यांचा ग्रंथ, त्यांचे पाहा. १८६५ च्या कायद्याने त्यांच्यात विधवेला मुलाच्या निम्मे आणि मुलीला मुलाच्या चौथाई मिळे. १९३९ साली दुरुस्ती होऊन विधवेला मुलाइतके आणि मुलीला त्याच्या निम्मे झाले. मघाचा हिशेब आठवा: ४८, ४८ आणि २४. सासानी इराणातले तेच प्रमाण तेराशे वर्षांनी मुंबईत आले. फरक एवढाच, की आता लग्न झालेली मुलगीही आत आली. १९९१ साली तिघांचे वाटे सारखे झाले. हे बदल आपोआप झाले नाहीत. ज्या समाजाने मुली शिकवल्या त्याच समाजात ते झाले.

शेवटी पालकांना हात जोडून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. आपल्या गावांत बाप वारला की चाळिसाव्यानंतर भाऊ बहिणींना बोलावतात. जेवण होते, रडारड होते, आणि मग एक कागद पुढे येतो: हक्कसोड पत्र. बहीण सही करते किंवा अंगठा लावते. सही केली नाही तर माहेर तुटेल ही तिला भीती. पुष्कळदा तो कागद तिला वाचूनही दाखवला जात नाही. सात-बाऱ्यावरून तिचे नाव जाते. आपण नमाज पढतो, रोजे ठेवतो, जकात काढतो, आणि कुराण शरीफात ज्याचा हिशेब अपूर्णांकासकट दिला आहे तेवढाच हिस्सा गाळतो. बहिणीने खुशीने सोडले तर तिचा तो अधिकार आहे. पण खुशी कशाला म्हणतात हे भावांनी स्वतःच्या मनाला विचारावे. ज्या बहिणीला माहेराची किंमत म्हणून शेत द्यावे लागते, तिने ते खुशीने दिले असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट मुलींसाठी. शाळेत अपूर्णांक शिकता तेव्हा एक अष्टमांश आणि दोन तृतीयांश हे केवळ परीक्षेचे आकडे समजू नका. ते उद्या तुमच्या नावाचे आकडे आहेत. सूरह अन्-निसा अर्थासह वाचा. निकाहनामा सही करण्याआधी वाचा. वारसनोंद, फेरफार, सात-बारा म्हणजे काय हे आताच समजून घ्या. भांडणे करा असे मी सांगत नाही. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही आणि ठाऊक नसेल तर मागता येत नाही, एवढेच सांगतो.

त्या पाच बायकांकडे एकदा परत जाऊ. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. त्या कोणाच्या मुली, कोणाच्या बायका, आपल्याला ठाऊक नाही. पण न्यायाधीशाला वाटेत थांबवून प्रश्न विचारण्याइतके शिक्षण कोणीतरी त्यांना दिले होते. आपल्या संस्थेच्या वर्गांत ज्या मुली बसतात त्यांनाही तेवढे मिळाले पाहिजे. एखाद्या दिवशी तलाठी, वकील, काजी किंवा स्वतःचा भाऊ यांच्यापैकी कोणाला त्यांनी असाच नेमका प्रश्न विचारला, तर या संस्थेने उभारलेल्या प्रत्येक विटेचे चीज झाले असे मी समजेन.